खाटेशेजारची रक्तशर्करा-परीक्षा

आंबेगाव तालुक्यातील पारगावानजीक दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना असल्यामुळे ‘साखर उतारा’ हा शब्द या पंचक्रोशीतील ऊसकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघाली म्हणजे उतारा चांगला पडला असे मानतात, आणि तो बिनचूक काढता यावा म्हणून साखर कारखान्यात प्रयोगशाळा, रसायनज्ञ व त्यांचे दप्तर यांची कायम तजवीज असते. मनुष्यदेहातील साखरेचा हिशेब याहून कितीतरी सूक्ष्म आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि निरोगी अवस्थेत, उपाशीपोटी, त्याच्या दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे सबंध शरीरातील रक्तात एका वेळी फिरणारी साखर चहाच्या एका चमच्याहून अधिक भरत नाही. मेंदूचे पोषण मुख्यत्वे या चमचाभर साखरेवर अवलंबून असते, आणि तिचे प्रमाण ५४ मिलिग्रॅमच्या खाली घसरले की शुद्ध हरपण्याचा धोका उभा राहतो.

इन्सुलिन घेतलेला एखादा वृद्ध रुग्ण रात्री दोन घास खाऊन ताट बाजूला सारतो, पहाटे त्याला दरदरून घाम सुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो आणि सोबतच्या नातेवाइकाला वाटते की म्हातारा झोपेत बरळतो आहे. अशा वेळी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात काय किंवा एखाद्या लहानशा ग्रामीण रुग्णालयात काय, त्याच्या खाटेपाशी प्रथम येते ती रात्रपाळीची सिस्टर. तिच्या ट्रेमध्ये ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, टोचण्यासाठी लॅन्सेट आणि कापूस एवढेच साहित्य असते, आणि वॉर्डात जिला ‘एचजीटी’ म्हणतात ती तपासणी ती दोन मिनिटांच्या आत करते. बघणाऱ्यास हे किरकोळ काम वाटते. परंतु ते पूर्ण अर्थाने शास्त्रीय मापन आहे, त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते, आणि त्याला जो मान मिळावयास हवा तो आपल्या रुग्णालयांतून अद्याप मिळालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या परिचारिकेला हे साधन उपलब्ध नव्हते. ती रुग्णाची लघवी परीक्षानळीत घेऊन बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाबरोबर उकळीत असे, आणि निळ्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी होत होत अखेर विटकरी रंग आला म्हणजे साखर फार, असा निर्णय देत असे. या पद्धतीचा मोठा दोष असा की, रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. त्यामुळे साखर घटून रुग्ण अत्यवस्थ झाला असता ही परीक्षा मुकी राहत असे. रक्ताच्या थेंबावर चालणारी पहिली पट्टी, डेक्स्ट्रोस्टिक्स, अमेरिकेतील माइल्स कंपनीच्या एम्स विभागाने १९६० नंतरच्या दशकात काढली. तीवर थेंब ठेवून एक मिनिट थांबावे, पाण्याने धुवावे आणि उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहावा, असा तिचा शिरस्ता होता. डोळ्यांनी रंग ताडण्यातील संदिग्धता दूर व्हावी म्हणून त्याच कंपनीतील अँटन क्लेमेन्स यांनी तो रंग मोजणारे यंत्र तयार केले व ते १९७० च्या सुमारास बाजारात आले, आणि १९८७ मध्ये रंगाऐवजी विद्युत्प्रवाह मोजणारे, लेखणीच्या आकाराचे यंत्र निघाल्यावर आजच्या ग्लुकोमीटरचे स्वरूप निश्चित झाले.

या पट्टीचे मर्म एका विकरात आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज हे त्याचे नाव असून डेटलेव्ह म्युलर यांनी १९२८ मध्ये ते काळ्या बुरशीत शोधले. ते ग्लुकोजच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेते, पट्टीवरील मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रॉन विद्युदग्राकडे पोहोचवते, आणि जितके ग्लुकोज अधिक तितका प्रवाह अधिक, या न्यायाने यंत्र काही सेकंदांत आकडा दाखवते. हे विकर इतके निवडक आहे की उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, त्याच्या समोर असूनही ते तिला ओळखत नाही. द्राक्षातील साखरेचा मात्र जवळजवळ निम्मा भाग शुद्ध ग्लुकोजच असतो, आणि येथेच नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षपट्ट्यातील वाचकांनी लक्ष द्यावयास हवे. कारण भेटीस आलेल्या सोयऱ्यांनी आणलेला घड रुग्णाने नुकताच हाताळला असेल, तर बोटाला लागलेल्या रसाने थेंबातील आकडा कितीतरी पटींनी फुगू शकतो, आणि स्पिरिटचा बोळा एकदा फिरवल्याने तो रस पुरता निघत नाही. साबणाने व पाण्याने हात धुऊन कोरडे करणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज आहे.

खबरदारीच्या बाबी आणखीही आहेत. ज्या हाताला ग्लुकोजचे सलाईन चालू असेल त्या हाताचे बोट टोचू नये. बोटाच्या टोकावर मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, कारण तेथे वेदना कमी होते. आणि एकाला वापरलेले लॅन्सेट किंवा ते बसवण्याची सामाईक टोचणी दुसऱ्याला कदापि वापरू नये, कारण त्या वाटेने हिपॅटायटिस बी पसरल्याचे दाखले आहेत. रक्तदाब कोसळून हातपाय गार पडलेल्या रुग्णाच्या बोटातील रक्त त्याच्या देहाची खरी अवस्था सांगत नाही. तेथे शिरेतील रक्त प्रयोगशाळेकडे धाडणे आवश्यक असते. भीमाशंकरच्या बाजूस पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते, आणि पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर विकर निकामी होऊन यंत्र निर्धास्तपणे चुकीचा आकडा दाखवीत राहते.

यांत मला सर्वांत चिंताजनक वाटते ती पंडुरोगाची बाब. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या म्हणजे अनेक यंत्रांत साखर खरी असते त्याहून जास्त दिसते. काही नव्या यंत्रांत या दोषाची दुरुस्ती केलेली असते, पण सर्व यंत्रांत नसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रिया पंडुरोगी आढळल्या, आणि गरोदरपणातील मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहण्याची, व ती १४० किंवा अधिक भरल्यास मधुमेह धरण्याची, शासकीय पद्धत याच स्त्रियांना लागू होते. १४० च्या आसपासच्या आकड्यावर निर्णय देताना त्या स्त्रीचे हिमोग्लोबिन किती हे केसपेपरवर पाहिलेच पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत चूक याहून महाग पडते. खोट्या चढ्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले तर खरी साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. अतिदक्षता विभागांतील ६,१०४ रुग्णांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, साखर अगदी काटेकोरपणे खाली ठेवलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण शेकडा २७.५, तर १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९ आढळले. तेव्हापासून अशा रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान राखण्याकडे वैद्यकाचा कल आहे, आणि तो अरुंद पट्टा सांभाळण्याचा भार सिस्टरच्या वारंवारच्या तपासणीवर पडतो.

म्हणून ग्लुकोमीटर खरेदी करताना केवळ पट्टीच्या किमतीकडे पाहू नये, यंत्राची खातरजमा करणारे नियंत्रण-द्रावण प्रत्येक वॉर्डात असावे, ते नेमाने वापरून त्याची नोंद व्हावी आणि एका सिस्टरवर इतक्या खाटांचा बोजा नसावा की हात धुण्यास लागणारे पाणी आणण्यासही तिला सवड मिळू नये, ही रुग्णालयांच्या चालकांना माझी विनंती आहे. वाचकांपैकी ज्यांचे आप्त रुग्णालयात असतील त्यांनी सिस्टर यंत्र घेऊन येण्यापूर्वी रुग्णाचे हात स्वच्छ धुऊन पुसावेत, त्याने शेवटचे केव्हा व किती खाल्ले हे तिला न विचारता सांगावे, आणि रुग्ण एकाएकी घामाघूम झाला किंवा भलतेसलते बोलू लागला तर सकाळची वाट न पाहता तिला तत्काळ बोलवावे.