सामाजिक वाचनखूण

सामाजिक वाचनखूण किंवा सोशल बुकमार्किंग म्हणजे उपयुक्त संकेतस्थळांचे दुवे केवळ स्वतःच्या संगणकात न ठेवता महाजालावरील सामायिक संग्रहात, इतरांनाही दिसतील असे साठविण्याची पद्धत होय. पोथीत घातलेली खूण घरापुरती असते, ही चव्हाट्यावरची. साठविणारा प्रत्येक दुव्याला आपल्या मनाने खूणशब्द देतो. अशा लोकनिर्मित वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले. जोशुआ शॅक्टर यांचे डिलिशस (२००३) हे या प्रकारातील प्रमुख स्थळ याहूने २००५ मध्ये विकत घेतले.

व्यावसायिकांनी या पद्धतीचा उपयोग ग्राहक मिळविण्यासाठी केला. समजा, प्रभादेवीतील एखाद्या मोदकविक्रेत्याने नुसते दरपत्रक नोंदविले, तर ते इतर कोणी साठविण्याचे कारण नाही. मोदकाची पारी फुटू नये म्हणून उकड कशी मळावी, हे सांगणारे पान मात्र वाचक पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवतो आणि ‘मोदक’ हा खूणशब्द धुंडाळणारे अनोळखी लोक त्यावरून दुकानाच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचतात.

शोधयंत्रे बाहेरून येणाऱ्या दुव्यांना महत्त्व देतात, हे ओळखून अनेकांनी बनावट खात्यांतून स्वतःचेच दुवे पेरले. या प्रकारांना आळा घालण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली; ती लावलेला दुवा शोधक्रमात भर घालत नसे. एप्रिल २०१२ मधील गूगलच्या ‘पेंग्विन’ बदलानंतर कृत्रिम दुव्यांचा पसारा असलेली स्थळे उलट मागे पडली. त्यामुळे ठरावीक रकमेत शेकडो दुवे पेरून देणाऱ्यांवर लहान दुकानदाराने विसंबणे धोक्याचे ठरते.

२०१७ मध्ये पिनबोर्डने डिलिशस विकत घेऊन तेथे नव्या नोंदी थांबविल्या. स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद झाले.