घरच्या पडद्यावरची कात्री कोणाच्या हाती?

अठरा वर्षांखालच्या मुलांना थिएटरच्या दारातच अडवलं जातं, असा चित्रपट काही महिन्यांनी रविवारी दुपारी टीव्हीवर लागतो आणि राहुरी-श्रीरामपूरकडच्या उसातल्या वस्तीवर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तो जेवता जेवता बघतात. शिव्या गायब असतात, एखादा प्रसंग गाळलेला असतो, गाणं अर्ध्यावर तुटतं. ही काटछाट कोण करतं आणि कोणत्या नियमानं, हे पालकांना माहीत असायला हवं. घरात आता पडदे वाढले आहेत आणि प्रत्येक पडद्याचा नियम वेगळा आहे.

एका सालातले दोन निर्णय

सिनेमाच्या प्रमाणपत्रांत ‘यू’ आणि ‘ए’ यांच्यामधली ‘यूए’ ही पायरी १९८३ मध्ये आली. पण नव्वदच्या दशकात केबल घरोघरी पोचली, तेव्हा दारावर प्रमाणपत्र तपासणारं कोणी उरलं नाही. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातल्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी कारवाई केली आणि मुंबईत काही चित्रपट वाहिन्या बंद पडल्या. पुढे शिस्त बसली. ‘ए’ चित्रपट टीव्हीवर दाखवायचा, तर त्यात काटछाट करून सेन्सॉर बोर्डाकडून नवं प्रमाणपत्र घ्यायचं. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं ही पद्धत कायद्यातच आणली आणि ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन टप्पेही केले.

मुंबईतल्या त्या कारवाईच्या आधी महिनाभरच, जुलै २००६ मध्ये, अमेरिकेत कोलोरॅडोच्या न्यायालयानं उलट वाटावा असा निकाल दिला होता. ‘क्लीनफ्लिक्स’सारख्या कंपन्या डीव्हीडी विकत घेत, त्यांतली नग्नता, हिंसा आणि शिव्या कापत आणि ‘कुटुंबासाठी शुद्ध’ प्रती भाड्यानं देत. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्यासह अनेक दिग्दर्शक आणि मोठे स्टुडिओ त्याविरुद्ध उभे राहिले. न्यायालयानं हा कॉपीराइटचा भंग ठरवला आणि धंदा थांबला. मात्र २००५ च्या तिथल्या ‘फॅमिली मूव्ही अ‍ॅक्ट’नं एक वाट मोकळी ठेवली होती. घरात बघताना यंत्राच्या मदतीनं एखादं दृश्य ओलांडलं किंवा आवाज बंद केला, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. कापलेली नवी प्रत मात्र तयार करायची नाही.

हे दोन्ही निर्णय एकत्र ठेवले की सूत्र हाती लागतं. चित्रपट कापायचा हक्क तो करणाऱ्यांचा आणि तो काय, कधी, कोणाबरोबर बघायचा हे ठरवायचा हक्क घराचा. तिऱ्हाइतानं परस्पर कात्री चालवू नये.

रेकॉर्डरचा खरा उपयोग

घराचा हा हक्क बजावायला सगळ्यात सोयीचं यंत्र म्हणजे रेकॉर्डिंगचा सेट-टॉप बॉक्स. टाटा स्कायनं २००८ मध्ये ‘प्लस’ बॉक्स आणला. आकाशातून येणारं चित्र आधीच अंकांच्या रूपात असतं. बॉक्स ते जसंच्या तसं आतल्या हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो. रेकॉर्डिंगला सांकेतिक कुलूप असतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्सात असल्यानं ते सहसा दुसरीकडे चालत नाही. साध्या बॉक्सांपैकीही काहींना पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येतं. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला हुकलेला कार्यक्रम सकाळी बघता येतो. अर्थात घरची वीज गेली, तर रेकॉर्डिंगही थांबतं.

पण मला याचा मोठा उपयोग वेगळाच वाटतो. आईनं किंवा वडिलांनी चित्रपट आधी बघावा, न झेपणारी जागा लक्षात ठेवावी आणि मुलांबरोबर बसताना तेवढा भाग पुढे ढकलावा. चित्रपट शाबूत राहतो आणि निवड आपली राहते.

मोबाइलला कुलूप आहे, पण…

मोबाइलवर इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या ओटीटी सेवांना सेन्सॉर बोर्ड नाही. २०२१ च्या नियमांनुसार कंपन्या स्वतःच आपल्या मजकुराचा वयोगट ठरवतात आणि तेरा वर्षांपुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन मुलाचं वेगळं प्रोफाइल उघडायचं, वयोगट निवडायचा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घालायचा. पाच मिनिटांचं काम आहे. यूट्यूबवर कोणीही टाकलेल्या व्हिडिओंना मात्र हे वर्गीकरण लागू नाही. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात. आईबाप फडात असताना कोपीवरच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतल्या, पोराच्या हाती पडदा म्हणून असतो तो मोबाइलच. तिथं कुलपापेक्षा शेजारी बसणाऱ्या माणसाची उणीव मोठी आहे.

ही जबाबदारी गावही उचलू शकतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये गावपातळीवर एक निर्णय घेतला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचा अभ्यास सुरू. पडद्यापुढे आपण हतबल नाही, हे त्या गावानं दाखवून दिलं.

काय कापू नये

नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घ्या. त्यात डुकरामागे धावणाऱ्या जब्या या मुलाच्या घराला गाव हसतं, हिणवतं. ते हिणवणं मुलांना ऐकू नये म्हणून आवाज बंद केला, तर शेवटी जब्या दगड का भिरकावतो, हे त्यांना कळणारच नाही. निव्वळ भडकपणा टाळावा. पण अन्याय दाखवणारं कटू दृश्य टाळणं म्हणजे मुलांची समज अर्धवट ठेवणं. असा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा, मध्ये थांबवावा, त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीत. पालकांच्या हाती रिमोट असतो तो त्यासाठी.