शेपूट सोडणाऱ्या गाड्या

रायपुरात तात्यापाऱ्यातल्या माझ्या गॅरेजात हल्ली पोरं विचारत येतात, "काका, कॉन्टेसा मिळेल का कुठे? बंद असली तरी चालेल." एके काळी हीच गाडी भंगारवालाही नाक मुरडत घ्यायचा. आता तिला भाव आलाय, कारण तिच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते.

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरू द्यायची आणि ती घसरण ॲक्सिलरेटर-स्टिअरिंगवर धरून ठेवायची. शेपूट ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, म्हणजे उलटी काट द्यायची. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हँडब्रेकने शेपूट एकदा फेकता येते, पण रेस दिली की ती सरळच होते. १९८३ साली मारुती ८०० आली आणि हळूहळू बहुतेक छोट्या गाड्या तिच्याच वळणावर गेल्या. मग शौकिनांना म्हाताऱ्या गाड्याच उरल्या. जपानच्या केइची त्सुचियाने नाव कमावलं ते एका साध्या घराण्यातल्या टोयोटावर. स्वीडनची पोरं बर्फावर व्होल्वो २४० घसरवतात, तीही इस्टेट, सामानसुमान वाहणारी लांबलचक गाडी!

आपल्याकडे तशी १९९२ ची टाटा इस्टेट. मला ती फार देखणी वाटते, पण ६८ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन तिला कोरड्या डांबरावर काय घसरवणार? ओल्या मुरमावर मात्र जमतं. इंजिनाचं सगळं लोखंड नाकावर आणि मागे नुसती हवा.

अँबेसिडरचं तर विचारूच नका. १९५८ पासून २०१४ पर्यंत मागे तेच पाटे, माणसं कोंबून भरण्यासाठी कडक ठेवलेले. गाडी रिकामी असली की मागचा भाग उडतो. धमतरी रोडवर पहिल्या पावसात शेपूट सुटली, तर ब्रेकला पाय न लावता उलटी काट देणारे सरकारी ड्रायव्हर मी पाहिलेत. मागे साहेब बसलेले असायचे, त्यामुळे टाळ्या पिटायला कोणी नसे.

खरी मेख डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर आतलं चाक हलकं होतं, ताकद तिकडेच पळते आणि ते एकटंच फुकट फिरत बसतं. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे हाऊसिंग उघडून आतले छोटे गिअर वेल्डिंगने जाम करणं. मग दोन्ही चाकं सारखीच फिरतात. पण साध्या चौकातही गाडी टायर घासत, कण्हत वळते आणि एक्सल तुटायची भीती असते ती वेगळीच. रस्त्यावरच्या गाडीला हे काम मी करून देत नाही. पोरं रुसतात, रुसोत.

ओम्नीलाही मागची चाकंच ढकलतात, पण ती उंच आणि अरुंद. घसरण्याआधी कलंडेल, आणि ड्रायव्हरचे पाय पुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेले. तिच्या वाटेला जाऊ नये.

नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते पाहून कुणालाही मोह होईल. तिथे धोकादायक वाहन चालवल्याचं कलम १८४ लागतं : सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाची बंदिस्त जागा गाठा आणि मुरमावर टँकरने पाणी मारा. तीसच्या वेगातही शेपूट सुटते. मागचे टायर घासलेले चालतील. पुढचे मात्र चांगले हवेत, उलटी काट त्यांनाच झेलायची असते.