कुर्डुवाडीकरांनो, सांदण दरीला जायचंय?

आपल्याकडे सगळं सपाट, म्हणून दरीचं वेड जरा जास्तच! सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे कल्याण, लोकलने कसारा, पुढे जीपने घोटीमार्गे रतनगडाजवळचं साम्रद. तिथेच बेसॉल्टमधली ही भेग सुरू होते. लांबी सुमारे २ किलोमीटर, कडे २०० फुटांहून उंच, काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत.

पावसाळ्यात अजिबात नको. पठारावरचं पाणी लोंढ्याने दरीत घुसतं आणि सरळसोट भिंतींमुळे पळायला जागाच नसते. हिवाळ्यातही गारठलेल्या पाण्याचे डोह पार करावे लागतात. पुढे दोरावरून कडे उतरायचे, तेव्हा साम्रदचा वाटाड्या हवाच. हेल्मेटही, वरून दगड निसटतात. उतरलात की डेहणे, तिथून परतीला आसनगाव स्टेशन.