एक वार, दोन जीव

आईच्या पोटात बाळं दोन, पण वार एकच! फलित बीजाचे साधारण चौथ्या ते आठव्या दिवशी दोन भाग झाले, की बहुधा दोन्ही बाळं एकाच वारेवर वाढतात. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाचं रक्त दुसऱ्यात जातं, दुसऱ्याचं पहिल्यात येतं. ही दोघं जन्माआधीच एकमेकांशी रक्ताने जोडलेली असतात.

त्यातलं एक बाळ पोटातच दगावलं, तर? त्याचं हृदय थांबताच तिकडचा रक्तदाब कोसळतो. भुयाराने जोडलेल्या दोन विहिरींपैकी एकीचा तळ खचावा, तसं जिवंत बाळाचं रक्त तिकडे ओढलं जातं. त्याच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडू शकतो, पेशी मरू शकतात, काही वेळा तिथे पोकळ्या उरतात.

पूर्वी दोष मृत बाळाकडून येणाऱ्या गुठळ्यांना दिला जाई. १९९०च्या दशकात वाचलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्यात रक्तच कमी असल्याचं दिसलं. २०११ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. एकच वार असलेल्या जुळ्यांत वाचलेल्या बाळांपैकी सुमारे २६ टक्क्यांना मेंदूविकासाच्या अडचणी आढळल्या. वार वेगवेगळी असेल तर हेच प्रमाण सुमारे २ टक्के.

इजा बहुधा त्या मृत्यूच्या वेळीच होते, म्हणून घाईने बाळंतपण केल्याने ती टळत नाही. खुणा उमटायलाही वेळ लागतो. त्यामुळे वाचलेल्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय त्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी करतात.

यात आईचा दोष तिळमात्र नाही. ग्रहण पाळलं नाही किंवा जड उचललं म्हणून हे घडत नाही.

घरच्यांनी एवढं मात्र करावं. जुळं असेल तर वार एक की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत विचारून कागदावर लिहून घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. आणि जुळ्यातलं एकच बाळ हाती आलं असेल, तर ते मान कधी धरतं, कुशीवर कधी वळतं, कधी बसतं, याकडे लक्ष ठेवा. उशीर वाटला तर थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लहान मेंदू लवकर शिकतो, म्हणून उपचारही लवकरच हवेत.