ओक्लाहोमातलं ११ दिवसांचं धरणं

डिसेंबर आला की आपल्या बेळगावात सुवर्ण विधानसौधाच्या आसपास मांडव पडतात. अधिवेशनाच्या दिवसांत शेतकरी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, कुणी ना कुणी निवेदन घेऊन येतंच. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, "लक्ष घालतो" हे ऐकायचं आणि घरी जायचं. इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने मला विचारलं होतं, "मामा, त्या कागदाचं पुढे होतं काय?" तेव्हा मी त्याला अमेरिकेतल्या मुलांची एक गोष्ट सांगितली. ती मुलं स्वतःसाठी काहीच मागत नव्हती, म्हणून मला ती जास्त लक्षात राहिली.

गोष्ट सुरू होते आफ्रिकेत. युगांडाच्या उत्तर भागात जोसेफ कोनी याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' ही बंडखोर फौज उभी केली. ही माणसं खेड्यांवर धाडी घालायची आणि मुलं पळवून न्यायची. मुलांच्या हातात बंदूक दिली जायची. मुलींचं काय व्हायचं ते इथे लिहवत नाही. २००३-०४ च्या सुमारास गुलू शहराभोवतालच्या गावांतली हजारो मुलं रोज संध्याकाळी पांघरूण घेऊन शहरात चालत यायची, बसस्टँडवर किंवा दवाखान्याच्या ओसरीत झोपायची आणि सकाळी परत जायची. तीन अमेरिकन तरुणांनी यावर माहितीपट केला. तो शाळा-कॉलेजांत दाखवला गेला आणि ठिकठिकाणी मुलांचे गट उभे राहिले. पुढे कोनीची फौज युगांडातून कांगोत सरकली. २००८ च्या नाताळात तिने तिथे शेकडो गावकरी मारले.

मे २००९ मध्ये अमेरिकी संसदेत एक विधेयक आलं. कोनीला रोखण्यासाठी सरकारने निश्चित धोरण आखावं आणि उत्तर युगांडाच्या पुनर्वसनाला मदत करावी, अशी त्यात मागणी होती. जूनमध्ये दीड हजाराहून जास्त लोक वॉशिंग्टनला पोचले. बहुतेक कॉलेजची, काही तर शाळेतली पोरं.

आता यातला मला आवडणारा भाग. अशा भेटीत खासदार प्रत्यक्ष भेटेलच असं नाही. बहुधा त्याचा सहायक भेटतो, तोही पंचविशीतला, आणि मिळतात पंधरा-वीस मिनिटं. म्हणून मुलांना आधी तालीम दिली जाते. आपल्याच मतदारसंघातल्या कार्यालयात जायचं, कारण परक्या मतदाराला तिथे किंमत नसते. विधेयकाचा क्रमांक सांगायचा आणि एकच गोष्ट मागायची: "साहेबांनी सहप्रायोजक म्हणून नाव द्यावं." आमच्या कामात बग नोंदवताना कुणी "सिस्टीम नीट चालत नाही" एवढंच लिहिलं तर त्याला कुणी हात लावत नाही. नेमकं काय बिघडलंय आणि काय हवंय ते लिहावं लागतं. आपली निवेदनं बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असतात, असं माझं मत आहे. दहा मागण्या, त्यातली एकही त्या माणसाच्या हातातली नाही.

सिनेटमध्ये १०० पैकी ६० हून अधिक सदस्यांनी नावं दिली. तरी विधेयक अडकलं. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी ते अडवून धरलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे चर्चेशिवाय, सर्वसंमतीने विधेयक मंजूर करायचं तर एकाचाही विरोध चालत नाही. कोबर्न पेशाने डॉक्टर, आणि खर्चाला सतत नकार देतात म्हणून त्यांना 'डॉक्टर नो' म्हणत. कोनीबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. या कामाचे ४ कोटी डॉलर दुसऱ्या कुठल्या खर्चात कपात करून आणा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या मते ते अगदीच गैर नव्हतं.

मग फेब्रुवारी २०१० च्या अखेरीस तरुण मंडळी ओक्लाहोमा सिटीत त्यांच्या कार्यालयाबाहेर थंडीत फुटपाथवर झोपू लागली. गुलूची मुलं झोपायची तशीच. ११ दिवसांनी, ९ मार्चला, तोडगा निघाला. पैशांच्या कलमाची भाषा बदलली आणि कोबर्न यांनी हरकत मागे घेतली. दुसऱ्याच दिवशी सिनेटने विधेयक मंजूर केलं आणि २४ मे रोजी ओबामांनी सही केली.

पुढचं सगळं गोड नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ओबामांनी सुमारे १०० लष्करी सल्लागार मध्य आफ्रिकेत पाठवले. मार्च २०१२ मध्ये त्याच संस्थेची 'कोनी २०१२' ही चित्रफीत आठवडाभरात जगभर गाजली. युगांडातल्या लिरा गावात ती दाखवली तेव्हा मात्र लोक चिडले. त्यांच्या दुःखाच्या गोष्टीत मध्यभागी अमेरिकन माणूस होता, आणि कोनीचं नाव टी-शर्टवर मिरवलं जाणार होतं. तो राग मला पटतो. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याने आधी त्याला विचारायला हवं.

२०१७ मध्ये अमेरिकेने मोहीम गुंडाळली. कोनी हाती लागला नाही. त्याचा एक सेनापती डॉमिनिक ओंगवेन मात्र जानेवारी २०१५ मध्ये शरण आला. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना एक गोष्ट विचारात घ्यावी लागली: ओंगवेनलाही याच फौजेने लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवून नेलं होतं.