वाढत्या अंगाची ग्रिप

सकाळी साडेपाच

रेंजचं शटर वर करून आधी दिवे लावतो, मग टार्गेटच्या मोटारी चालतात का ते बघतो. कपाटातली पिस्तुलं एकेक करून बाहेर येतात. प्रत्येकाच्या नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग दिसला की ते टेबलावर जातं, नाही दिसला तर माझ्या हातातून सुटत नाही. पिस्तुलांच्या शेजारी एक पत्र्याची पेटी ठेवतो. तिच्यात लाकडी ग्रिप्स आहेत, एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळ्या. आमच्या क्लबचे पैसे सगळ्यांत सत्कारणी लागले असतील तर ते या पेटीत, असं माझं ठाम मत आहे.

सहा

शाळेआधीची बॅच येते. कोल्हापुरात या खेळाचं वेड जुनं आहे. राही सरनोबतने 2018 साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं आणि 2024 साली स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये रायफलचं ऑलिंपिक ब्राँझ मिळालं. त्यानंतर पालक मुलांना हाताला धरून रेंजवर आणू लागले. आज सातवीतली एक मुलगी आईबरोबर पहिल्यांदाच आली आहे. तिची नजर टेबलावरच्या पिस्तुलावर खिळलेली.

मी तिला म्हणतो, "पिस्तूल नंतर. आधी हात दाखव."

पांढऱ्या कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढतो. बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी मोजतो. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या पेराच्या मध्यापर्यंतचं अंतर घेतो. ग्रिप कोणती लागणार हे ठरवताना मला हेच माप सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ग्रिपची जाडी आणि ट्रिगरपर्यंतची पोच ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. लाकूड जाड झालं की बोट तेवढंच मागे राहतं.

तिच्यासाठी पेटीतून एक्स्ट्रा स्मॉल काढतो. ॲलन कीने खालचा एक स्क्रू सैल केला की जुनी ग्रिप निघते, नवी बसते. मग डाव्या हातात पिस्तूल धरून ते उजव्या हातात बसवायचं, उजव्या हाताने उचलून घ्यायचं नाही. बेचकं वरच्या खोबणीत पार घुसलं पाहिजे. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी लाकडाभोवती जातात. जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, करंगळीने नुसतं बसायचं. अंगठा लाकडावर टेकतो, पण दाबत नाही. राहिली तर्जनी. तिच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर यायला हवा आणि बाकीचं बोट लाकडापासून सुटं हवं. मी तिचं बोट आणि ग्रिप यांच्यामधून व्हिजिटिंग कार्ड सरकवतो. कार्ड कुठेही न अडता निघून जातं. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले आहेत.

"जड लागतंय का गं?"

"नाही सर. हातातच हाय असं वाटतंय."

एवढं ऐकलं की पहिल्या दिवसाचं काम झालं. आज ती गोळी झाडणार नाही. रिकाम्या पिस्तुलाने ड्राय फायर करेल, तेही थोडंच.

साडेसात

या वेळेत मला सगळ्यांत जास्त बोलावं लागतं. नववीतला एक मुलगा, होल्डिंग छान, अंगात शिस्त, पण गोळ्यांचा ग्रुप सारखा डावीकडे. वडिलांनी हौसेने परदेशी पिस्तूल घेऊन दिलंय आणि त्यावर लार्ज ग्रिप. मुलाचा हात जेमतेम स्मॉलचा.

वडिलांना विचारलं तर म्हणाले, "सर, पोराचा हात वाढतोय की. दरवर्षी नवीन कुठं घेत बसायची? म्हणून वाढत्या अंगाचीच घेतली."

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, बाही दुमडली की चालतं. ग्रिपची बाही दुमडता येत नाही. मी त्यांना मुलाच्या बाजूला उभं केलं आणि म्हटलं, "दादा, फक्त बोटाकडे बघा." जाड लाकडामुळे तर्जनी पुढे पोचत नव्हती, नुसतं टोक ट्रिगरला लागत होतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचं असं टोकाचं बोट ट्रिगर सरळ मागे आणण्याऐवजी बहुधा पिस्तुलाला डावीकडे ढकलतं. शिवाय पोच कमी पडते म्हणून मूल नकळत सगळा पंजाच ग्रिपवर फिरवून घेतं. मग नळी हाताच्या रेषेत राहत नाही, आणि दर शॉटला मनगट वाकवून ती परत सरळ करावी लागते. तिसाव्या शॉटपर्यंत मनगट बोलायला लागतं.

किती फरक पडतो, ते मी त्यांना भिंतीवर खडूने लिहून दाखवलं. एअर पिस्तूलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सुमारे 33 सेंटिमीटर अंतर असतं, टार्गेट 10 मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली की गोळी टार्गेटवर 30 मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरने लांब. दहाच्या जागी सात पडले! आणि हा एक मिलिमीटर पोराच्या डोळ्याचा दोष नव्हता.

वडील गप्प राहून ऐकत होते. शेवटी विचारलं, "मग आता पिस्तूल बदलायचं का?" पिस्तूल उत्तम आहे, म्हटलं, फक्त लाकूड बदला. पेटीतली स्मॉल तात्पुरती लावून दिली. ग्रुप लगेच मधे येईल अशी आशा मी कुणाला लावत नाही. चुकीच्या ग्रिपवर लागलेली बोटाची सवय सुटायला वेळ जातो आणि खरं नुकसान तेच आहे. हात वाढेल, ग्रिप त्याला बरोबर बसायला लागेल, पण तोपर्यंत बोट ढकलायला शिकलेलं असेल.

अकरा

मुलं शाळेत गेली. आता कानस, पॉलिशपेपर आणि पुटी. साइज बरोबर निवडली तरी कारखान्यातली ग्रिप सरासरी हातासाठी असते. कुणाच्या तळहाताला खड्डा खोल, कुणाची करंगळी आखूड. जर्मनीतल्या रिंकसारखे कारागीर हाताचा आराखडा मागवून ग्रिप घडवतात. ते परवडत नसेल तर आपल्या टेबलावर बरंच काही होतं.

नेमबाजाच्या तळहाताला निळा खडू फासायचा, ग्रिप धरायला लावायची, सोडायला लावायची. लाकडावर निळं उमटलं तिथे हात लागतो, कोरं राहिलं तिथे पोकळी आहे. पोकळीत एपॉक्सी पुटीचा पातळ थर भरायचा, वर पातळ प्लास्टिक घालून परत धरायला लावायचं, हाताचा ठसा तसाच सुकू द्यायचा. निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटायला लागले की थांबायचं. कानस मी फार जपून चालवतो, आणि तीही तर्जनीच्या बाजूला, जिथे लाकूड बोटाला घासतंय तिथेच. एका दिवसात ग्रिप पुरी करत नाही. चार-आठ दिवस मारून बघू दे, मग पुढचा हात.

नियमही डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. 10 मीटर एअर पिस्तूल सगळ्या साहित्यासकट 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला लागता कामा नये. तळहाताखालची फळी, आम्ही तिला पाम शेल्फ म्हणतो, ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि वर वळलेली तर मुळीच नको. पुटीच्या उत्साहात पोरं हाताभोवती पूर्ण कवच करून आणतात. स्पर्धेच्या तपासणीत ते बाद होतं आणि पोर रडत बाहेर येतं.

दोन

जेवण, आणि फोन. सेकंडहँड पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: ग्रिप कुणाच्या हाताची आहे? आधीच्या मालकाने घासलेलं लाकूड त्याच्याच पंजाचं असतं.

साडेतीन

पोलिसांत असलेली एक ताई सुटीच्या दिवशी सरावाला येते. तिच्या कामातलं पिस्तूल आमच्यासारखं नाही. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं तिचं 9 मिलिमीटरचं ऑटो पिस्तूल ब्राउनिंगच्या धर्तीचं आहे. 13 गोळ्यांचं दुहेरी रांगेचं मॅगझिन मुठीतच बसतं, म्हणून मूठ जाड. तिचा हात लहान. ट्रिगर गाठायला पंजा फिरवला की धक्का तळहाताऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि दर गोळीला पकड नव्याने बसवावी लागते. ग्लॉकने 2010 साली चौथ्या पिढीत मुठीची मागची पट्टी बदलायची सोय दिली, ती अशाच हातांसाठी. हातात शस्त्र देताना हाताचं माप घेतलं पाहिजे, हे खेळापेक्षा तिच्या नोकरीत जास्त खरं आहे. तिथे दहा आणि सात यांच्यातलं अंतर गुणांत मोजत नाहीत.

साडेपाच ते आठ

कॉलेजची आणि नोकरीवाली मंडळी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत हात फुगतात, घाम येतो. सकाळी बरोबर बसलेला पाम शेल्फ आता करकचून बसतो. 60 शॉटना 75 मिनिटं असतात. तेवढा वेळ शेल्फ आवळलेला राहिला तर बोटांना मुंग्या येतात, तर्जनी बधिर होते. शेल्फ तळहाताला टेकेपर्यंत वर घ्यायचा आणि केसभर खाली सोडायचा. फार सैल सोडला तर पिस्तूल हातातल्या हातात सरकतं.

रोज एक परीक्षा सगळ्यांना देतो. डोळे मिटून पिस्तूल उचला, स्थिर करा, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या बाजूला निघालं असेल तर पाय हलवा, ग्रिपला हात लावू नका. पण फ्रंट साइट खाचेच्या एका बाजूला चिकटलेली दिसली, आणि ती दर वेळी त्याच बाजूला दिसली, तर ग्रिप तुमच्या हाताची नाही. या दोन चुकांची गल्लत करून चांगले चांगले नेमबाज महिनेच्या महिने पाय सरकवत बसतात.

एक डावखुरा मुलगा आज शेजारच्या गावाहून आला. तिथे त्याला उजव्या हाताची ग्रिप देऊन "सवय होईल" असं सांगितलं होतं. पेटीतून डावी काढून दिली. तो काही बोलला नाही, रेंज बंद होईपर्यंत लेनवरून हललाही नाही.

आठ

पिस्तुलं मोजून कपाटात ठेवली. पालकांना आणि क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पिस्तूल मागवण्याआधी मुलाला रेंजवर आणा, हाताचं माप घ्या, मापाची ग्रिप आधी ठरवा आणि मॉडेल मागाहून. क्लबकडे पैसे थोडे असतील तर आणखी एक पिस्तूल घेण्याआधी आहे त्या पिस्तुलाला तीन मापांच्या ग्रिप्स घ्या, एक डावीही घ्या. मुलांचा हात दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. हात वाढला की लाकूड बदला, पिस्तूल तेच चालतं.